रिपोर्टातलं नाव

मास्तर लोखंडी पट्टी टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "वाक्यात माणूस दिसला की मार खाशील." न्हावा शेवाकडच्या आमच्या कंटेनर यार्डात अपघात झाला की इंग्रजीतला रिपोर्ट ते लिहायचे. मी त्यांच्या हाताखाली होतो. ती पट्टी मी दोनदा बोटांवर खाल्ली आहे.

आधी वाशीत त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. पॅसिव्ह व्हॉइस चुकला म्हणून एका मुलाच्या अशी कानफटात मारली की क्लासच बंद पडला. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण हा जमदग्नी कागदावर मात्र गरीब गाय. हात मोडला गेला, डोकं फोडलं गेलं, बोटं कापली गेली. करणारा कोणीच नाही. यार्डाची रीतच होती ती. साहेब खूश असायचे.

एका दुपारी सुपरवायझरने आईबहिणीवरून शिव्या घालत एका हमालाला लोंबकळत्या कंटेनरखाली ढकललं. कंटेनर सुटला. दोन्ही पाय गेले. आम्ही दोघांनी ते केबिनच्या काचेतून पाहिलं. मास्तरांनी सवयीने लिहिलं, पाय चिरडले गेले.

तिसऱ्या दिवशी हमालाची बायको आली. साताऱ्याकडची. रिपोर्टात असेल तेच धरू, असं पोलिसांनी तिला सांगितलं होतं.

"मास्तर, वाचून दावा की."

त्यांनी मराठीत वाचून दाखवलं.

"आन् ढकाललं कुनी? आमचं मालक म्हनत्यात, तुमी बगत हुता."

मास्तरांनी कागद टराटरा फाडला. तिच्यासमोरच नवा लिहिला. पहिल्याच ओळीत सुपरवायझरचं नाव. खाली सही ठोकून एक प्रत तिच्या हातात दिली.

"तू पण सही कर," मला म्हणाले. "पाहिलंयस ना?"

"घरी विचारतो, मास्तर."

त्यांनी पट्टीही उचलली नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सुपरवायझरने त्यांना गेटजवळ गाठलं. हातात मोठा पाना होता. पहिला घाव तोंडावर, दुसरा लिहित्या हातावर. मास्तर खाली पडले तरी तो मारत होता. मी काचेमागे उभा होतो, बाहेर गेलो नाही.

सकाळी साहेबांनी मला रिपोर्ट लिहायला सांगितलं. मी लिहिला. इंग्रजीची एकही चूक नाही. एक कर्मचारी गेटजवळ जखमी अवस्थेत आढळला.

मास्तर परत आले नाहीत. त्यांची खुर्ची आता माझी आहे. हमालाची केस त्यांच्या त्या एका कागदावर अजून उभी आहे. मास्तरांची केस झालीच नाही.