होसकोट्याच्या वाटेवरचा इंटरव्ह्यू

कंपनीनं आमची मोबाईलची अख्खी टीम बंद केली, तेव्हा पहिला आठवडा मी मजेत काढला. इतकी वर्षं मोबाईलची ॲप्स लिहितेय, बंगळुरात असल्या कामाला काय तोटा, असं मी ज्याला त्याला सांगत होते. कामाला तोटा नव्हताच. मला होकार देणाऱ्यांचा होता.

जाईन तिथे पहिल्या राऊंडला कोडी. कॉम्प्युटरात आकडे फांद्यांसारखे मांडतात, ते आकड्यांचं झाड उलटं करून दाखवा, आणि डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलत राहा. आजवर एकाही साहेबानं मला झाड उलटं करायला सांगितलेलं नाही. सांगतात ते बटण जरा वर घ्यायला. आणि मोठ्यानं विचार तरी कसा करायचा? मी विचार करायला लागले की गप्प होते, आणि बोलायला लागले की भांडते. समोरची मुलं माझ्याहून कितीतरी लहान. ती फार नम्रपणे 'कळवतो' म्हणायची. कळवतो म्हणणारे कळवत नाहीत हे मला स्थळं बघायच्या दिवसांपासून ठाऊक होतं, तरी मी फोन न्हाणीघरात घेऊन जात होते.

आई आणि मी मल्लेश्वरमला राहतो. अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, शहराबाहेर होसकोट्याला पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना आहे. एका रविवारी तो जेवायला आला आणि ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "माझ्या ऑफिसात येऊन बस की. हिशेब बघणारा माणूस सोडून चाललाय. महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघायला हवा मला."

"सरी की, बरंच झालं," आई लगेच म्हणाली. "स्वल्प दिवस जाऊन तर बघ."

दोघंही मायेनं बोलत होती, म्हणून तर मला जास्त राग आला. हिशेबाला मी कमी लेखत नाही. पण एकदा होसकोट्याच्या खुर्चीत बसले की मला माझ्या कामात परत कोण बोलावणार? हातात एकच इंटरव्ह्यू उरला होता. तो गेला तर येते, असं मी अण्णाला कबूल केलं.

हा इंटरव्ह्यू जयनगरला होता. घरोघरी जाऊन रुग्णांचं ड्रेसिंग करणाऱ्या नर्सेससाठी ॲप करणारी ती लहानशी कंपनी. समोर एक तरुण इंजिनीअर आणि माझ्याच वयाची त्याची मॅनेजर. कोडी नव्हती, हेच केवढं नशीब! त्यांनी आपल्याच ॲपचा कोड पुढे ठेवला आणि त्यात एक नवं बटण घालायला सांगितलं. मी ते घातलं आणि ॲप माझ्या फोनवर चालवून पाहिलं. नर्स जखमेविषयी लिहिते, मग कॅमेरा उघडून फोटो काढते आणि परत येते. मी परत आले, तर लिहिलेलं सगळं गायब.

मी बटण काढलं, पुन्हा घातलं, कोड वरून खाली वाचला. काही केल्या मजकूर टिकेना. तो तरुण घड्याळाकडे बघायला लागला, आणि मला समोर खोकीच खोकी दिसायला लागली.

मग एकदम आठवलं. आदल्या दिवशी सराव करताना मी माझ्या फोनमध्ये एक सेटिंग चालू केलं होतं. ते चालू असलं की आपण दुसरीकडे गेल्यावर मागची स्क्रीन फोन टाकूनच देतो, तिच्यात लिहिलेल्यासकट. ॲपची परीक्षा घ्यायला आम्ही ते मुद्दाम चालू करतो, आणि बंद करायला विसरून स्वतःच्याच नावानं बोटं मोडत बसतो. मी ते बंद केलं. सगळं सुरळीत चालायला लागलं.

"म्हणजे कोडमध्ये काही चूक नव्हती तर," तो तरुण म्हणाला. "चला, पुढचा प्रश्न."

हो म्हणायचं आणि पुढे जायचं, एवढंच करायचं होतं. पण माझ्या आईचा फोन जुना आहे. त्यात मेमरी कमी, म्हणून तो कुठल्याही सेटिंगशिवाय असंच करतो. गॅस बुक करताना मेसेजमधला नंबर बघून ती परत येते, तोवर भरलेलं सगळं पुसलेलं असतं. दर वेळी ती म्हणते, मलाच मेलीला येत नाही.

"चूक आहे," मी म्हणाले, आणि आवाज नको तितका चढला. "तुमचे फोन महागाचे, म्हणून तुम्हाला दिसत नाही. तुमच्या नर्सेसचे फोन कसले आहेत?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. झालं, भांडले मी. माझ्या मनानं तिथल्या तिथे होसकोट्याची बस पकडली.

"लिहिलेलं जातं म्हणून त्या कधीपासून तक्रार करताहेत," मॅनेजर हळूच म्हणाली. "आमच्याकडे काही तसं होईना. आम्ही त्यांना सांगत होतो, तुम्हीच चुकीचं दाबताय." मग तिनं खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "दुरुस्त कसं करायचं, दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नोकरी मिळाली होती. मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि हमसून हमसून रडले. आई घाबरून पाणी घेऊन आली. इतके महिने छातीवर धोंडा होता, हे तो उतरल्यावरच मला कळलं.

मग अण्णाला फोन लावला. बातमी ऐकून तो आधी नुसतं 'अस्सं' म्हणाला. दुखावला की काय, असं वाटलं. तेवढ्यात त्यानं केवढा तरी श्वास सोडला.

"सुटलो बाई!" तो म्हणाला. "तू माझ्या ऑफिसात म्हणजे दोन दिवसांत कामगार पळाले असते. वहिनी तुझी रोज म्हणतेय, ती ऑफिसात आली तर कामगार तरी राहतील नाहीतर बहीण तरी."

"मग विचारलंस कशाला?"

"न विचारून कसं चाललं असतं?" अण्णा म्हणाला. "तू जेवत नव्हतीस नीट."