नळीवरचा लाल काठ

ती घटना आठवली की आजही मला आधी माझा काळा गॉगल आठवतो. शिपायापासून घासत घासत वर आले होते. नुकतीच फौजदार होऊन दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात रुजू झाले होते, आणि गॉगल चढवला की माणसे आपोआप खरे बोलतात, असा माझा ठाम समज होता. नातवंडे हे ऐकून हसतात. मीही हसते.

एका सकाळी साठीच्या एक मावशी तक्रार अर्ज घेऊन आल्या. ठिबक सिंचनाच्या सरकारी अनुदानासाठी त्यांनी अर्ज केला होता. पण कृषी खात्याच्या दप्तरी त्यांच्या जमिनीच्या गटावर ठिबक आधीच बसलेली होती, म्हणून अर्ज नामंजूर. रानात मात्र हातभरही नळी नव्हती. विहीर उन्हाळ्यात जेमतेम घटकाभर चाले. दप्तरातली ती खोटी नोंद निघाली नाही तर त्यांचे झेंडूचे पीक मोडणार होते, आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणे कायमचे मागे लागणार होते.

ठिबक मिळाल्याच्या कागदावर सही त्यांचीच. झाले, मी तक्रारदारालाच आरोपी केले. नळ्या विकून खाल्ल्या का, म्हणत टेबलावर काठी आपटली, तर माझाच चहाचा कप फुटला. मावशी खाली बसून शांतपणे काचा वेचू लागल्या.

"सही माझीच हाय, म्याडम," त्या म्हणाल्या. "शिरूरकडचा ठिबकचा दुकानदार म्हणला, आत्या, कोऱ्या कागदावर सह्या द्या, बाकी माझ्यावर सोडा. समद्या गावानं दिल्या. मागनं म्हणला, मंजूर झालं न्हाई."

आमचे जुने हवालदार, ठाण्याचे मामा, हळूच म्हणाले की कृषी खात्याकडून तपासणीचे फोटो तरी मागवू. मी मोठ्या उपकाराने होकार दिला.

फोटो आले. दहा-बारा शेतकऱ्यांची राने, काही भीमेच्या अलीकडची, काही पलीकडची. प्रत्येकात नवी ठिबक म्हणून काळी नळी. मी गॉगल काढून, घालून पाहिले. काही दिसले नाही. मावशींना बोलावले. त्यांनी एकेका फोटोवर बोट ठेवले.

"नव्या नळीला ठिगळ कशापायी?"

नळी खारीने कुरतडली की आपल्याकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर चिंधी बांधतात. प्रत्येक फोटोत एकच लाल चिंधी होती.

"ह्यो माझ्या लुगड्याचा काठ हाय. दुकानदाराच्या उसात रोजानं होते, तवा मीच बांधला."

आम्ही पंचांसह त्याच्या शेडवर गेलो. नळीचे वेटोळे तिथेच होते, चिंधीसकट. तीच नळी फोटोपुरती पसरायची, गुंडाळून पुढच्या रानात न्यायची, आणि प्रत्येकाच्या नावचे अनुदान त्याने खिशात घालायचे. पंचनामा करून मुद्देमाल ताब्यात घेतला.

दुकानदार ठाण्यात निवांत बसला होता. म्हणाला, नळ्या बसवल्या होत्या, बाईनेच विकून खाल्ल्या असतील. माझेच वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना कान तापले. काठी कोपऱ्यातच राहू दिली. फोटो ओळीने मांडले, त्यावर नळीचा तो तुकडा ठेवला आणि विचारले, ही चिंधी कुणाची?

"असंल कुण्या मजुराची."

"ती बाहेर बसलीय. बोलवू आत?"

त्याने आधी पाणी मागितले, मग सगळे सांगितले. डोळे झाकून तपासणीचे शेरे मारणाऱ्यांचीही नावे निघाली.

मावशींची नोंद निघायला उन्हाळा उलटला. त्या साली निम्मा झेंडू गेलाच. ते काही मला परत देता आले नाही. पुढच्या हंगामात ठिबक आली, तेव्हा त्यांनी रान बघायला बोलावले. मी बांधावर उभी राहून छान छान म्हणत होते.

"तिथनं काय दिसतंय, फौजदारीणबाई? तपासणीवाले बी तिथंच हुबं ऱ्हायचे."

गॉगल खिशात घातला आणि वरंब्यावर गुडघे टेकले. खाकी पँट चिखलाने भरली. नळीच्या छिद्राशी एक थेंब लोंबत होता. तो पडेपर्यंत थांबले, आणि पुढचाही.

त्यानंतर माझ्यासमोर कुणीही तक्रारदार आला की आधी त्याला खुर्ची दिली आणि त्याचे हात पाहिले. नोकरी संपेपर्यंत दुसरा कप फुटला नाही.