कांदाचाळीसमोर काकू

सरकारनं बाजारात लुडबुड करू नये, हे माझं चहाबरोबरचं ठाम मत. परवा मात्र काकूच्या कांदाचाळीच्या अनुदानासाठी मीच उन्हात छत्री धरून उभा होतो. शेत काकूच्या नावावर, म्हणून चाळीसमोर तिचा एकटीचा फोटो हवा होता; नाहीतर अनुदान अडकलं असतं. पण काकू सारखी काकांकडे सरकायची.

"काकू, एकट्याच उभ्या राहा," कृषी सहायक म्हणाला.

"अरे, उभ्या जन्मात एकटीचा फोटो काढला नाही रे मी!"

काका बाजूला झाले. "मालकीणबाई, सरकारचा हुकूम आहे. ताठ उभ्या राहा."

काकू लाजत ताठ झाली. हा फायदा अर्थशास्त्रात कुठे मांडतात, कोण जाणे!

फोटो निघाल्यावर काका हळूच सहायकाला म्हणाले, "सरकारला पाठवाच, पण एक माझ्याही मोबाइलवर टाका."