मल्टिकास्ट आणि आवक-जावकचे भाऊ

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल. काँप्युटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं मी एकदा भर ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्या वाक्यापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची तरुणी होते. पुण्याला तीन आठवड्यांचा कोर्स करून आले होते, चष्म्याला साखळी लावली होती, आणि आपल्याला सगळं कळतं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आता नातवंडं "आजी, तू काही दाबू नकोस" म्हणत माझ्या हातून मोबाइल काढून घेतात तेव्हा ती साखळीवाली बाई आठवते आणि माझी मलाच गंमत वाटते. त्या प्रकरणातून मला बाहेर काढलं आमच्या आवक-जावकच्या भाऊंनी. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या मावळात झाला नाही. झाला असेल तर त्याने भाऊंना तसं लेखी कळवलेलं नाही.

आमची कंपनी गुलाबांची. तिकोणा पेठेच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी पॉलिहाऊसं, पलीकडे पॅकिंगचा हॉल, कोल्डरूम, फाटक. मी लोणावळ्याहून कंपनीच्या जीपने जायची, भाऊ देहूरोडहून यायचे. त्यांचा सारा जन्म तिथल्या लष्करी डेपोत गेलेला. घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय एक नट इकडचा तिकडे जायचा नाही, अशा शिस्तीतला माणूस निवृत्त होऊन आमच्याकडे पत्रं आणि खोकी नोंदवायला बसला होता. कुलूप लावलं की तीनदा ओढायचे, जीपमध्ये येऊन बसायचे, आणि जीप सुरू झाली की "थांब रे" म्हणून उतरून चौथ्यांदा ओढून यायचे. त्यांच्या टेबलामागे दोन कॅलेंडरं होती. एकावर दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, अशी व्यवस्था. फोनवर कुणी "हेड ऑफिसातून बोलतोय" म्हणालं की भाऊ शांतपणे विचारायचे, "मग आमच्या फाटकाचा रंग सांगा." एकदा खुद्द मालकांनाच तो सांगता आला नाही. भाऊंनी फोन ठेवून दिला. माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी ती रजिस्टरात चढवली, मला पत्रिका दिल्याची सही करायला लावली, आणि लग्नाला आले ते पत्रिका खिशात घालून. "दाराशी कुणी अडवलं तर?" माझे व्याही दारात हात जोडून उभे होते. भाऊंनी त्यांना आधी पत्रिका दाखवली, मग नमस्कार केला.

अशा माणसाच्या राज्यात मी मल्टिकास्ट आणलं. डोंगरामुळे तिथे मोबाइलला रेंज नसायची, म्हणून ऑफिसातले निरोप काँप्युटरवरून जायचे. प्रत्येक विभागाच्या मशिनवर निरोपांची एक रांग. ऑफिसातून निरोप सोडला की तो त्या रांगेत जाऊन पडायचा आणि पडल्याची पोच परत यायची. विभाग आठ, म्हणून एकच निरोप आठदा. भाऊ त्या पोचा छापून घेत आणि रजिस्टरात चिकटवत. मला हे फार मागासलेलं वाटे. कोर्सात शिकल्याप्रमाणे मी आठही रांगा एका मल्टिकास्ट पत्त्याला बांधल्या. आता निरोप त्या पत्त्यावर एकदाच सोडायचा, आठांनाही एकदम मिळणार.

"आणि पोच?" भाऊंनी विचारलं.

"ह्यात पोच नसते, भाऊ. आपण सोडायचं, त्यांनी ऐकायचं."

"म्हणजे भोंगा."

"भोंगा नाही हो! हे आधुनिक आहे."

"भोंगाच. ताई, जो बहिरा आहे तो येऊन सांगत नाही, मला भोंगा ऐकू आला नाही म्हणून."

मी साखळीशी खेळत हसले. माझ्या मशिनवरही मी तशीच एक रांग बांधली होती. पाठवलेला निरोप तिथे आला की सगळीकडे पोचला, असा माझा हिशोब.

नवी मांडणी सुरू होऊन दोन दिवस झाले असतील. फेब्रुवारीतला घाईचा हंगाम, शनिवारचा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास कळलं की माल नेणाऱ्या विमानाला उशीर आहे. मी निरोप सोडला: खोकी चार वाजेपर्यंत कोल्डरूमच्या बाहेर काढू नका. माझ्या मशिनवर तो लगेच दिसला. कोल्डरूमची बाई मात्र जुन्या वेळेप्रमाणे एक वाजता खोकी अंगणात लावून मोकळी झाली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत उन्हाने कळ्या उमलून बसल्या होत्या. परदेशी जाणारा माल देवळाबाहेर विकायच्या लायकीचा झाला.

मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावलं. तिकोणा पेठेतलीच बाई, शेतकऱ्याघरची, पाच वर्षं कोल्डरूम सांभाळणारी. ती एवढंच म्हणाली, "सायेब, मशिनवर कायबी आलं न्हाई. म्या तितंच हुते."

त्यावर मी ते काँप्युटर आणि माणसं ह्यांच्याबद्दलचं थोर वाक्य उच्चारलं, आणि वर कागदावर लिहूनही दिलं: निरोप सर्व विभागांना पोचला होता. मॅनेजरने तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

भाऊ तो कागद नोंदवायला घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले. "हा चढवता येत नाही."

"का?"

"'पोचला' लिहिलंय. सही कुठाय? तुम्ही 'सोडला' लिहा, मी चढवतो."

मी चिडले. म्हटलं, घ्या खात्री करून. त्यांना तेवढंच हवं होतं. मी मशिनवरून "आज वार कोणता" असा निरोप सोडायचा, आणि भाऊ रजिस्टर काखोटीला मारून आठही ठिकाणी जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, तिथल्या माणसाची सही आणणार. सात ठिकाणच्या सह्या आल्या. फाटकावरच्या रखवालदाराने तर सहीपुढे "शनिवार" असं उत्तरही लिहिलं होतं. मग भाऊ कोल्डरूमच्या मशिनसमोर स्टुलावर बसले. मी सातदा निरोप सोडला. ते माझा स्वेटर घालून बसले होते आणि पडद्यावर काहीही उमटत नव्हतं. आठव्यांदा मी स्वतः गेले.

रांग ठीक होती, पत्ता ठीक होता. पण त्या मशिनला नेटवर्क कार्डं होती दोन, एक ऑफिसकडचं आणि एक तापमापकांकडचं. मल्टिकास्ट त्यांतल्या एकाच कार्डावर ऐकतं. कुठल्या, ते आपण सांगायचं असतं. मी तो रकाना रिकामा सोडला होता. मशिन दोन दिवस तापमापकांकडे कान लावून बसलं होतं. मी ऑफिसकडच्या कार्डाचा पत्ता भरला, निरोप घेणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली, ऑफिसात जाऊन पुढचा निरोप सोडला, आणि परत येऊन बघते तर तो टुणकन आलेला.

"आधीचे सात?" भाऊंनी विचारलं.

"ते गेले."

"कुठे?"

"असेच. हवेत."

मला वाटलं, आता भाऊ भोंग्यावरून मला बोल लावणार. पण ते म्हणाले, "आता तुम्ही कागदावर 'तांत्रिक अडचण' लिहिणार."

खोटं कशाला सांगू, मनात अगदी तेच शब्द जुळत होते. मी म्हटलं, "नाही, माझी चूक असं लिहिणार." त्यांचा विश्वास बसला नाही. मॅनेजरच्या केबिनपर्यंत ते माझ्यामागून आले, मी आत गेले तर दार अर्धं उघडं ठेवून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. मॅनेजर मला जे बोलला ते भाऊंनी पूर्ण ऐकलं. बाई सोमवारी कामावर येणार हे त्याच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं, आणि मगच ते हलले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, तुमचा तिच्यावर विश्वास होता म्हणून निभावलं."

"छे! माझा तिच्यावरही संशय होता. म्हणून तर बघायला गेलो."

भाऊ आता फार थकलेत. मागच्या महिन्यात मी देहूरोडला भेटायला गेले तर त्यांना मला ओळखायला जरा वेळ लागला. सुनेने तिसऱ्यांदा माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि माझा हात धरून बसले. काहीच विचारलं नाही, खात्री करून घेतली नाही. निघताना मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी कोल्डरूममध्ये त्या बाईची माफी मागायला गेले होते. भाऊ बाहेरच थांबले. ती रिकामे क्रेट रचत होती. रकाना, कार्ड, कान, सगळं मी तिला भडाभडा समजावून सांगितलं. तिने शेवटचा क्रेट ठेवला, पदराला हात पुसले.

"मशिन बिघडलं त्याचं काय न्हाई वो, ताई. तुमी हितवर येऊन मला एकदा इचारलं असतं, तर लय बरं वाटलं असतं."