काकूची बोटं
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की मला देवरीच्या तहसील कचेरीसमोरची टायपिंगवाली काकू आठवते. टिनाच्या टपरीत बसून ती लोकांचे अर्ज टाइप करायची. समोरचा शेतकरी तावातावाने "तो माहा धुरा कोरून राहिला" असं सांगायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघता बघता तिची बोटं ते "शेताच्या बांधावर अतिक्रमण" असं सरकारी मराठीत उतरवायची. मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचो. तिच्या कॉम्प्युटरवर मी नवी सिस्टिम टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पहिल्याच ओळीत भलती अक्षरं उमटली. "काऊन रे बाबू, माहे बोटं बिघडले का?" तिने विचारलं. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. मला कारण कळेना आणि तसं कबूलही करवेना. "मशीन बरोबर आहे काकू, तुमचंच वय झालं," मी म्हणालो. लोक हसले. संध्याकाळी घरी उमगलं, नव्या सिस्टिमने कीबोर्डवरची तिची टाइपरायटरसारखी जुनी अक्षरमांडणी काढून स्वतःचीच लावली होती. सेटिंगमध्ये दोन क्लिक केले की ती परत येत होती. तरी मी आठ दिवसांनी गेलो. कीबोर्डवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून काकू एका बोटाने अक्षरं शोधत होती. "शिकून राहिली रे बाबू," ती म्हणाली, "तू बराबर म्हनलं होतं." दुरुस्त केलं असतं तर चूक माझी होती हे तिला कळलं असतं. तिने मागवलेला चहा मी प्यायलो आणि माऊसला हात न लावता उठलो. आता कुणीही कॉम्प्युटरपुढे अडलं की मी आधी सांगतो, चूक तुमची नाही. तिला मात्र सांगितलं नाही.