ड्रायव्हरला जागा नसलेली गाडी

दोन सीटांची गाडी घ्यायची की चार दारांची, असा प्रश्न पंचावन्नी उलटल्यावर मला पडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण पडला. आणि त्या वेळी मी इतका दमलेलो होतो, की कुणीतरी कुठलीही एक गाडी आणून दारात उभी करावी आणि मला झोपू द्यावं, एवढंच वाटत होतं.

माझा धंदा लग्नाच्या गाडीचा. लोधिवलीजवळच्या गावात घर, दारात एक टेंपो आणि एक जुनी पांढरी गाडी. टेंपोने आधी विटा वाहिल्या, मग भाजी, मग मांडवाचं सामान. मांडववाल्यांच्या ओळखीतून पांढरी गाडी आली आणि तेव्हापासून चौक, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या नवऱ्यामुलींना सासरी पोचवणं हेच माझं काम झालं. मागच्या सीटवर नवरा, नवरी आणि नवरीसोबत जाणारी पाठराखीण, पुढे माझ्याशेजारी नवऱ्याचा एखादा भाऊ. वरात असली की बँजो पार्टीच्या मागे पहिल्या गियरमध्ये तासन् तास. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. डावा गुडघा त्यातच कामाला आला. जेवण मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ, उभ्या उभ्या, कारण ‘ड्रायव्हर कुठं गेला?’ ही हाक पहिल्या घासालाच येते.

आमच्या अंगणातून माथेरानचा डोंगर दिसतो. वर गाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढे घोडा नाहीतर पाय. लोक वर हवा खायला जातात. मला तो नुसता खालून बघूनही बरं वाटतं, की निदान त्या गावात तरी मला कुणी गाडी काढायला सांगणार नाही.

गेल्या हंगामात पांढऱ्या गाडीने चौकच्या पुढे, भर उन्हात, नवरीसकट मान टाकली. ती पोरगी शेवटी मांडवाच्या टेंपोतून, गुंडाळलेल्या गालिच्यांवर बसून सासरी गेली. नवऱ्याची आई मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. खोपोलीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मुलगा भिवपुरीकडचा, शाळेत शिकवणारा, बोलायला कमी. स्थळ चांगलं होतं, तक्रारीला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त शीण आला होता.

एक गोष्ट मी मनाशी केव्हाच धरून ठेवली होती. आमच्याकडे पाठवणीला बाप मुलीबरोबर जात नाही. तो मांडवाच्या दारात उभा राहतो, गाडी निघते, संपलं. पण ड्रायव्हर जातो. एवढ्या लोकांच्या पोरी मी पोचवल्या, मग स्वतःची का नाही? मी चालवीन, हळू चालवीन, कर्जत ओलांडीन, भिवपुरीला तिच्या दारात तिला उतरवीन आणि मगच परत फिरीन. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही.

त्यासाठी गाडी हवी होती. कर्जतला एका मुंबईच्या साहेबांचा बंगला आहे, त्यांच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्याचं काम मी करायचो. साहेब परदेशी मुलाकडे कायमचे निघाले होते. त्यांच्या शेडमध्ये कापडाखाली झाकलेल्या दोन गाड्या. दोन्ही जुन्या झालेल्या, म्हणूनच माझ्या आवाक्यात आलेल्या.

“यातली एक तुम्ही घ्या,” साहेब म्हणाले. “दुसरी पुण्याचा माणूस नेईल. पण रविवारपर्यंत सांगा.”

एक लाल, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी. दुसरी काळी, चार दारांची, दिसायला साधी आणि पळायला राक्षस. काळीत साहेबांनी मला जुन्या हायवेवर एक चक्कर मारायला लावली. पाय नुसता टेकवला तर पाठ सीटला चिकटली आणि समोरचा ट्रक एकदम अंगावर आला. मी घाबरून पाय काढला. एवढी पळणारी गाडी, आणि मी ती बँजोच्या मागे म्हशीच्या चालीने नेणार! पण क्लच नव्हता, गियर आपोआप पडायचे. डाव्या पायाला कामच नव्हतं. तो पाय तिथे नुसता पडून होता, सुट्टीवर आल्यासारखा, आणि मला त्या गाडीचा लोभ सुटला तो तिथेच.

लाल गाडी बघायला मुलगी बरोबर आली होती. तिने नुसतं कापड काढलं आणि, “अगं आई गं,” म्हणाली. मी आत बसलो. बसलो म्हणजे पडलो. गाडी इतकी खाली, की गुडघे छातीशी आले आणि कंबर कुठे गेली कळेना. बाहेर पडायला जमेना. आधी एक पाय काढला, मग तो परत आत घेतला. मुलगी हसत सुटली.

“पप्पा, हात द्या.”

तिने दोन्ही हातांनी मला ओढून काढलं. तिच्या हातात बरंच बळ होतं. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “या गाडीत माणसानं बसायचं नसतं. फोटो काढायचे असतात.”

“मग तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “लग्नाआधीचे फोटो काढायला कर्जतच्या रिसॉर्टांवर किती लोक येतात. गाडी नेऊन उभी करायची, संध्याकाळी परत आणायची. बँजो नाय, वरातीत क्लच दाबणं नाय, पाठवणी नाय. तुमचा गुडघा सुटंल.”

गोष्ट खरी होती. धंद्याच्या हिशेबाने लालच बरी होती. मी घरी येऊन काळीची बाजू मांडायला लागलो. लाल गाडीचं पोट गतिरोधकाला घासेल. तिला डिकी नाही, पावसात छप्पर गळेल. लाल रंग डोळ्यांना त्रास देतो, असंही बोललो. बायको भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. पोरीची पाठवणी येईल त्याच गाडीतून व्हायची होती. तिलाही काळीच हवी होती, पण तिचं कारण सरळ होतं.

“पाठराखीण कुठं बसल? नवरा-नवरीच्या मांडीवर? माझी बहीण जाणार हाय पोरीसंगती. तिला काय मागं दोरीनं बांधायची?”

“तेच तर सांगतोय,” मी म्हणालो. पाठराखिणीचं कारण मला आयतं मिळालं. दोन दिवस मी मेहुणीच्या बसण्याची इतकी काळजी केली, की मेहुणीलाच संशय यावा.

शनिवारी संध्याकाळी मुलगी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. बायको आत तांदूळ निवडत होती.

“पप्पा, मावशी मागच्या गाडीतनं येईल. त्यांच्याकडची मोठी गाडी हाय, जागा पडून हाय. खरं काय ते सांगा. माझ्या पाठवणीला गाडी तुमालाच चालवायचीय ना?”

मी गुडघा चोळायला लागलो. आतून बायकोच बोलली. सुपाचा आवाज थांबला होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

“आन् व्याह्यांच्या दारात काय करणार? तिथं ड्रायव्हरला टॉवेल-टोपी आन् नारळ देत्यात. तुमी तो ड्रायव्हर म्हनून घेणार का बाप म्हनून? आन् न घेता कसं फिराल? पोरीला पह्यल्याच दिवशी लोकांचं ऐकायला लावाल.”

याचा मी विचारच केला नव्हता. किती तरी दारांत मी तो नारळ घेतला आहे, कपाळाला कुंकू लावून घेतलं आहे, आणि गाडी वळवताना लगेच विसरलो आहे. त्या दारात माझी मुलगी उंबऱ्यावरचं माप ओलांडायला उभी आणि मी टॉवेल-टोपीच्या रांगेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला फार लाज वाटली. रागही आला. कुणाचा ते सांगता येत नाही. बहुतेक त्या टोपीचाच.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, “तुमी पुढं बसलात तर मला रडता पण येणार नाय. तुमी आरशात बघाल. आन् मी बघंन तुमाला, मानेवरनं. मला ते जमणार नाय, पप्पा.” मग म्हणाली, “एक लग्न तरी बसून जेवा ना. माझं तरी.”

“मग लाल गाडी कोण चालवणार? तो तुझा मास्तर? त्याला स्कूटर तरी धड येते का?”

“मी चालवणार. मला कुणी शिकवलंय?”

मीच शिकवलं होतं. टेंपोवर, उन्हाळ्यात, कापलेल्या शेतातून. गियर टाकताना खाली बघायचं नाही, गतिरोधक तिरका घ्यायचा, वळणाआधी आरशात बघायचं. या तीन गोष्टींवरून मी तिला इतका ओरडलो होतो, की शेजारच्या शेतातले लोक काम थांबवून बघत.

रविवारी मी साहेबांना सांगितलं, लाल. त्यांना वाटलं मी धंद्याचा विचार केला. काळी पुण्याला गेली. ती फाटकातून बाहेर पडताना मी डाव्या पायावर भार देऊन उभा होतो आणि गुडघा दुखत होता.

लग्न गावातच झालं, शेतात मांडव घालून. मी पंगतीत बसलो. पाट, पत्रावळ, सगळं माझ्यापुढे आणून ठेवलं, व्याह्यांनी आग्रहाने जिलबी वाढली. मला जेवण गेलं नाही. कान सारखे हाकेकडे होते. दोनदा उठायला गेलो, दोनदा व्याह्यांनी हात धरून बसवलं. एवढ्या वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं की पंगतीत बसलेली माणसं किती सावकाश जेवतात.

ऊन कलल्यावर पाठवणी. चाकांत हवा मी सकाळीच बघितली होती, परत बघितली. चाकांखाली लिंबं मीच ठेवली. मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आईच्या गळ्यात फार वेळ, माझ्या गळ्यात थोडाच. मी तिची पाठ थोपटली आणि म्हणालो, “आरसा नीट करून घे.” याशिवाय दुसरं काही तोंडातून निघालं नाही. ती “हो” म्हणाली, शालू आवरला आणि स्टिअरिंगवर बसली. मांडवात एकदम कुजबुज झाली. नवरी गाडी चालवणार! एक म्हातारी म्हणाली, “हे काय गं बाई नवीन!” नवरा डाव्या सीटवर मांडीवर नारळ घेऊन मुकाट बसला. तिथेच मला तो पोरगा आवडला.

तिने गियर टाकला तेव्हा हिरवा चुडा दांड्याला लागून वाजला. लिंबं चिरडली आणि गाडी निघाली.

मांडवापासून गावच्या देवळापर्यंत रस्ता सरळ आहे, आणि देवळाशी तो डावीकडे हायवेला वळतो. या रस्त्याने मी कित्येक नवऱ्या नेल्या आहेत. वळणाआधी आरशात बघायचो तर दर वेळी मागे मुलीचे आईबाप उभे दिसायचे, रस्त्याच्या मधोमध, तसेच. मुलगी मान खाली घालून रडत असायची, तिला ते दिसायचे नाहीत. ते फक्त मला दिसायचे. मला वाटायचं, आता कशाला उभे आहेत? मांडव आवरायचा आहे, माणसं जेवायची आहेत, जा की घरी. मी वैतागायचो आणि स्टिअरिंग फिरवायचो.

आता मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. लाल गाडी मागून केवढीशी दिसत होती. मी इतक्या लग्नांना गेलो, पण लग्नाची गाडी जाताना मागून कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. पाय हलत नव्हते. बायको हुंदके देत माझ्या दंडाला धरून होती. माझे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि कुणी बघतंय याची मला पर्वा राहिली नाही.

देवळाच्या अलीकडे गतिरोधक आहे. तिने गाडी तिरकी घेतली. पोट घासलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं, पुढे वळण आहे. आता ती आरशात बघणार. मागे बसलेल्या नवरीला मान खाली घालता येते, चालवणारीला येत नाही. मी घाईघाईने नव्या उपरण्याने तोंड पुसलं, बायकोलाही पुसायला लावलं, आणि दुखऱ्या पायावर जमेल तेवढा सरळ उभा राहिलो. हात वर केला. गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा लागला आणि जरा जास्तच वेळ लागून राहिला.