भोकरानं चिकटवलेली पत्रं

माझ्या नवऱ्याची पत्रं माझ्याआधी दोघं पाहत: मामंजी आणि मुंग्या. त्यांतल्या मुंग्या प्रामाणिक. त्या सगळ्यांच्या देखत रांगेनं येत, पाकिटाच्या चिकट कडेवर बसत आणि मी फुंकर मारली की निमूट उठून जात. मामंजींचं काम असं उघड्यावर चालत नसे.

ही सन तिसाच्या आसपासची गोष्ट. सासर बोर्ली पंचतनच्या अलीकडे, खाडीकाठी. आमचे हे मुंबईला एका छापखान्यात, मी सासरी आणि मधे समुद्र. लग्न होऊन दोन वर्षं होत आली होती आणि आमचा संसार म्हणजे गणपती, दिवाळी आणि शिमगा. त्या वर्षी शिमगा आटोपून हे परत गेले आणि तिकडून पत्र आलं. गिरगावात एक खोली मिळते आहे. नळ जिन्याखाली आहे, पण खिडकी रस्त्यावर उघडते. घरमालक पावसाळ्यापर्यंत थांबायला तयार आहे. आगबोटी बंद होण्याआधी तुला न्यायला येतो, बाबांना वेगळं पत्र टाकतोच आहे.

मी ती खिडकी इतक्या वेळा उघडली आणि मिटली, की तिच्या बिजागऱ्या सैल झाल्या असतील.

गंमत अशी, की पत्र माझ्या हातात पडायच्या आदल्याच दिवशी मामंजींचा गुडघा धरला. सकाळी खाडीपर्यंत फिरून आलेला माणूस संध्याकाळी झोपाळ्यावरून उठेना. शेवग्याचा पाला बांधून झाला, बिब्बा लावून झाला, आणि येईल त्याला ते सांगू लागले, आता सारा भार सूनबाईवर. ह्यांचं पत्र मामंजींना पोचलं तेव्हा उत्तर तयारच होतं.

आमचे हे काही वाईट मनाचे नव्हते, फक्त सरळ होते. त्यांनी दुसरं पत्र मला लिहिलं: माणगावच्या आत्याला आपल्याकडे बोलावून घेऊ, ती घर बघेल, तू ये. ते पत्र मला मिळालं तोवर माणगावला निरोप गेलाही होता, की गावात तापाची साथ आहे, इतक्यात येऊ नका. साथ फक्त त्या निरोपातच होती. गावात त्या महिन्यात कुणाला साधी शिंकही आली नाही.

आणि दोन्ही पाकिटांना मुंग्या.

मुंबईहून पाकीट निघतं ते सरकारी गोंदानं बंद होऊन. त्या गोंदाकडे मुंगी ढुंकून बघत नाही. मी कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. गोड. आमच्या परसात भोकराचं झाड होतं. कच्च्या भोकरांचं सासूबाई लोणचं घालत. पिकलेलं भोकर दाबलं की त्यातून शेंबडासारखा गोड गर निघतो, आणि गावातली पोरं त्यानंच पतंग चिकटवत. गोंदाची बाटली विकत आणणं मामंजींना उधळपट्टी वाटे. पुढं एकदा मी मागच्या दारातून त्यांना पाहिलंही: दुखरा गुडघा ताणून, चवड्यांवर उभे राहून, काठीनं भोकरं पाडत होते. नाटकातला म्हातारा पडद्यामागं गेल्यावर मिशी काढून विडी ओढतो ना, तसे अगदी मोकळे दिसत होते.

त्यांची नोकरी मीठखात्यातली. उरण-पेणच्या मिठागरांवर मिठाच्या ढिगांवर लाकडी छाप मारून ठेवत आणि सकाळी छाप मोडलेला दिसला की चोरी पकडत. दुसऱ्यांचे मोडलेले छाप शोधण्यात जन्म गेलेला माणूस. स्वतः मोडलेला छाप पुन्हा जोडताना भोकर वापरलं, एवढीच चूक.

आता मला काय करता येत होतं ते बघा. पत्र फुटतं हे ह्यांना कळवायचं, तर पत्रातूनच कळवायचं. माझी पत्रं मामंजींच्या हातानंच टपालात पडत. घरात बोलायचं, तर पत्रात काय होतं ते आधी चारचौघांत सांगावं लागणार, आणि सुनेनं सासऱ्याला चोर म्हटल्याची कथा दिवेआगरपर्यंत गेली असती. मी लिहायची ती पत्रंही बदलली. पूर्वी काय लिहीत होते ते सांगणार नाही, पण आता गाय दूध बरी देते आणि कैऱ्या उतरवल्या, एवढंच लिहायची. तिसरा माणूस ओळींच्या मधे मांडी घालून बसला, की दोघांना बोलायला उरतं काय? कार्ड कुणीही वाचावं, ते ओसरीवर मोठ्यानं वाचायचीच रीत होती. पाकीट माणूस घेतो ते दार लावून बोलता यावं म्हणून. ह्यांनी बिचाऱ्यांनी प्रत्येक वेळी पाकीटच घेतलं.

शाळेचे मास्तरच आमचं टपाल सांभाळत. देवळातून येताना मी त्यांना गाठलं आणि एक मैत्रीण आहे म्हणून सगळं सांगितलं. मास्तरांनी मैत्रीण कोण ते विचारलं नाही. ते म्हणाले, "टपालातल्या माणसानं पत्र फोडलं तर तुरुंग. पण पत्त्यावरच्या घरात दिलं की माझ्या लेखी ते पोचलं. उंबऱ्याच्या आत सरकार येत नाही, वहिनी."

मी म्हटलं, मग मैत्रिणीची पत्रं शाळेतच ठेवाल का? मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, की मैत्रिणीच्या सासऱ्यांनीच त्यांना ही शाळा मिळवून दिली होती.

राहिला एकच रस्ता, तोंडी निरोपाचा. आमच्या शेजारचे चाचा गलबतावर नारळ-सुपारी भरून मुंबईला जात. त्यांच्या बायकोकडे मी पापड लाटायला जायची. तिच्या मार्फत निरोप धाडला: पत्रं फुटतात, पत्रानं काही कळवू नका, स्वतः या. चाचांनी निरोप छापखान्यात जाऊन नेमका दिला. परत आल्यावर म्हणाले, "बेटी, तुझा नवरा ऐकून पांढरा पडला. मला चहा पाजला आणि म्हणाला, बघतो."

आमच्या ह्यांनी काय बघितलं? बसले आणि पत्र लिहिलं. मला. पाकिटात.

ते पत्र मला अजून पाठ आहे. तुझा निरोप मिळाला. तुझ्या मनात बाबांबद्दल असा संशय यावा याचं वाईट वाटलं. बाबांनी आयुष्यात दुसऱ्याच्या कागदाला हात लावलेला नाही. एकटेपणानं मन असं होतं, मी समजतो. हे आपल्या दोघांतच ठेवू, त्यांना कळलं तर जिव्हारी लागेल.

मी माजघरात खाली बसले आणि हसू आवरेना म्हणून तोंडात पदर कोंबला. सासूबाईंना वाटलं, रडते आहे. त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं.

 मामंजींच्या जिव्हारी लागल्याचं कुठं दिसलंच नाही, उलट दोन पोळ्या जास्त जेवले. पण त्या दिवसापासून पत्र आलं की ते मला ओसरीवर बोलावत, शेजारपाजारचं कुणी बसलेलं असताना. पाकीट दोन बोटांत धरून पुढं करत.

"सूनबाई, तुमचं पत्र. बघून घ्या हो, नीट बंद आहे ना?"

मी बघायची. कडेवरून एखादी मुंगी चालत असायची.

"हो, बंद आहे," मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार? बसलेले लोक मान डोलवत, आणि म्हातारा सुनेला किती जपतो ते गावभर होई.

वैशाख संपत आला. आगबोटीच्या शेवटच्या फेऱ्या कधी, ते लोक विचारू लागले. मी माझी ट्रंक उगाचच पुसून ठेवली. एका दुपारी हाक आली. ओसरीवर चाचा होते, मास्तर होते. मामंजींनी पाकीट पुढं केलं, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्यांचा चेहरा खरोखरच कळवळलेला होता. त्यात नाटक नव्हतं, हे मला अजून छळतं.

"मनाला लावून घेऊ नका, सूनबाई," ते म्हणाले. "खोल्या काय, पुढंमागं दुसरी मिळेल."

पाकीट बंद होतं. माझ्या हातात, सगळ्यांच्या देखत, चारी बाजूंनी बंद.

मी चाचांकडे बघितलं. ते वहाणा शोधू लागले. मास्तर आढ्याकडे बघत होते. ऐकलं दोघांनी, कळलंही दोघांना. मी मोठा धीर करून विचारलं, "मामंजी, आत काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?"

 आता ते घसरले, असं मला वाटलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाला कळतं, बाळ."

मास्तरांनी हळूच मान डोलावली. मी पाकीट घेऊन आत गेले आणि ते फोडलं. पत्र माझं होतं, वाचणं भाग होतं. खोली छापखान्यातल्याच एका छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला गेली होती.